वीस मीटर तार

मैत्रिणींनो, १९०१ साली न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मार्कोनीने पतंगाला तार बांधली आणि अटलांटिकपलीकडचा संदेश पकडल्याचं जाहीर केलं. पुढे हौशी रेडिओवाल्यांनी अशी तार घरावर आणली. सात मेगाहर्ट्झसाठी ती साधारण वीस मीटर लागते. दोन उंच खांबांत सरळ ताणली, तर आवाज लांब जातो. खांब एकच असेल, तर मधोमध उचलून दोन्ही टोकं छपरासारखी उतरती बांधतात. तार बुटकी असली, की आवाज वर जाऊन आसपासच्या जिल्ह्यांत उतरतो. २००४च्या त्सुनामीत अंदमानातले फोन बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हौशी रेडिओवरून निरोप पोचवले. परवाना आणि तार आधीच तयार होती, म्हणून ते जमलं. सरकारी परीक्षा देऊन हा परवाना आपल्यालाही मिळतो. प्रत्येक गटातल्या एकीने तरी तो काढावा, असं आम्हाला वाटतं.