दंडांवरची चरबी आणि तालमीतले जोर

दंडाच्या मागील बाजूस साठलेली चरबी केवळ हातांच्या व्यायामाने उतरते, हा समज चुकीचा आहे. श्रम एका स्नायूने केले तरी चरबी साऱ्या शरीरातून वापरली जाते. ती आधी कोठून कमी होईल, हे बहुतांशी आनुवंशिकता व संप्रेरके ठरवतात. त्यासाठी आहारातील उष्मांक खर्चापेक्षा कमी असावे लागतात.

व्यायामाने घडतो तो चरबीखालचा स्नायू. तालमीतले जोर यासाठी उत्तम. त्यात छाती, खांदे आणि दंडाचा मागचा स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. नवशिक्याने प्रथम भिंतीला, नंतर स्वयंपाकघरातील ओट्यावर हात टेकून सुरुवात करावी. असे व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

शाकाहारी ताटात पोळी-भात भरपूर, प्रथिने मात्र बेताचीच. प्रौढांनी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. भातावरच्या पळीभर पातळ वरणाने ती पुरी होत नाही. उसळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी हवीत. नुसते उपाशी राहून वजन उतरवल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि दंड बारीक होऊनही सैलच राहतात.