भूमिका-खेळातील यादवी
भूमिका-खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ; त्यात निवेदक प्रसंग उभा करतो आणि खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात. 1974च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रुळला. यादवीच्या कथेसाठी मराठ्यांच्या इतिहासातच कसदार विषय आहे. नोव्हेंबर 1762 मध्ये घोडनदीकाठी व पाठोपाठ भीमेकाठच्या आळेगावी माधवराव पेशवे आणि चुलते रघुनाथराव यांच्या फौजा भिडल्या. रघुनाथरावांना निजामाची कुमक होती. सतरा वर्षांचे माधवराव, दौलत दुभंगू नये म्हणून, स्वतः चुलत्यांच्या छावणीत गेले. खेळातला हाच क्षण सर्वांत मोलाचा: तलवारीचा वार फाशावर सोडता येतो, शरण जाणे मात्र खेळाडूलाच ठरवावे लागते. पुढच्याच वर्षी, 10 ऑगस्टला, राक्षसभुवनला दोघे मिळून निजामाशी लढले. पण यादवी पुन्हा पेटली आणि 1768 मध्ये धोडपला चुलते माधवरावांकडून हरले.