टॅबचा टॅबला निरोप

ब्राउझरमध्ये एका टॅबने दुसऱ्या टॅबला, किंवा मागे चाललेल्या 'वर्कर'ला, निरोप कसा द्यायचा, याचा इतिहास आज आपण पाहू. सुरुवात मात्र चाकणपासून करू.

मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली. भोसरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको: प्रत्येक शॉपचं काम वेगळं. काम पुढे जातं, आणि सोबत निरोप जातो, की मॉडेल कुठलं, रंग कुठला.

त्याच वर्षी जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ आला आणि त्यात वेब वर्कर होते. १९९५ पासून जावास्क्रिप्टची पानावरची सगळी कामं एकाच रांगेत चालायची. मोठा हिशेब सुरू झाला की बटण दाबा नाहीतर काही करा, पान ढिम्म. आता हिशेबाला दुसरा कामगार मिळाला. पण अट अशी, की त्याने पानाला हात लावायचा नाही. 'पोस्टमेसेज'ने निरोप पाठवायचा, आणि त्यातही साधारणपणे माहितीची प्रत जाते, मूळ माहिती नाही.

टॅबांचं काय? समजा, ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर आपण एका टॅबमध्ये लॉगआउट केलं, पण शेजारच्या टॅबमध्ये आपलं खातं तसंच उघडं राहिलं. पुढे बसणाऱ्याला ते दिसणारच! त्यावर जुना तोडगा म्हणजे लोकलस्टोरेज. एका टॅबने त्यात नोंद करायची, बाकीच्यांना बदलाची वर्दी मिळायची. म्हणजे नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावल्यासारखं. त्यासाठीच बनवलेलं ब्रॉडकास्टचॅनल फायरफॉक्समध्ये २०१५ ला, क्रोममध्ये २०१६ ला आणि सफारीत थेट २०२२ ला आलं. मधली वर्षं छोट्या लायब्ररींनी भरून काढली.

आणखी एक अडचण होती. पोस्टमेसेजला पोचपावती नसते. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे कळायला प्रत्येक निरोपाला नंबर द्यावा लागतो. गुगलच्या क्रोम टीममधून आलेली 'कॉमलिंक' ही इवलीशी लायब्ररी वर्करसाठी हेच काम परस्पर करते.

मग थेट मेमरीच वाटून का घेऊ नये? तेही झालं. २०१७ मध्ये ब्राउझरांनी सामायिक मेमरी दिली. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. सामायिक मेमरीतून अतिसूक्ष्म घड्याळ बनवून दुसऱ्याची गुपितं वाचता येतील, हे ध्यानात आलं आणि ब्राउझरांनी ती सोय घाईघाईने बंद केली. पुढे ती परत आली, पण पान इतरांपासून वेगळं ठेवण्याच्या कडक अटींवर.

निरोपाची पद्धत मात्र या सगळ्यात चालूच राहिली. ती थोडी सावकाश आहे, प्रत काढायला वेळ जातो. पण ज्याचं काम त्याच्याच हातात राहतं. शॉपफ्लोअरवर वाढलेल्या आपल्या गावाला याचं मोल नव्याने समजवायची गरज नाही.