पालेभाज्यांतील पोषकद्रव्यांचा ऱ्हास व रक्षण (मराठवाडा)

भाजी खुडल्यापासून ताटात येईपर्यंत तिच्यातील जीवनसत्त्वे व खनिजे कमी होण्याची प्रक्रिया आणि ती रोखणाऱ्या पाकरीती. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व लगतच्या भागात खाल्ल्या जाणाऱ्या मेथी, करडई, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, तांदुळजा, घोळ, पालक, शेपू यांचा येथे मुख्यतः विचार केला आहे.

ऱ्हासाची कारणे : क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णता व हवेमुळे नष्ट होते. फोलेट व थायमिन हीही पाण्यात विरघळणारी. बीटा-कॅरोटीन स्निग्धविद्राव्य असल्याने शिजवताना बरेचसे टिकते, फोडणीच्या तेलामुळे शरीरात अधिक शोषले जाते. उन्हात मात्र लवकर जाते. लोह व कॅल्शियम उष्णतेने नष्ट होत नाहीत, पण टाकून दिलेल्या पाण्याबरोबर त्यांचा काही अंश जातो. एकूण पाहता चुलीपेक्षा मोरीच अधिक नुकसान करते.

पाने चिरताच त्यांतील विकरे क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण सुरू करतात. भाजी उकळत्या पाण्यात वा तापल्या तेलात घातल्यास ही विकरे निष्क्रिय होतात. गार पाण्यात घालून तापवल्यास त्यांना वेळ मिळतो. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, चिरून ठेवू नये. हिरवा रंग राखण्यासाठी सोडा घातल्यास थायमिन व क जीवनसत्त्व दोन्ही घटतात. आठवडी बाजारातून आणून दोन-तीन दिवस ठेवलेली भाजी शिजण्याआधीच बरेच गमावून बसते.

अंबाडी : पाने उकडून आंबट पाणी पिळून टाकतात, नंतर डाळ, ज्वारीच्या कण्या व शेंगदाणे घालून भाजी घोटतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. पिळलेल्या पाण्यात आम्लाबरोबर क जीवनसत्त्व व फोलेटही जाते. ते पाणी वरणात वापरावे, असा सल्ला दिला जातो. आंबटपणा पाहता तो फारसा पाळला जात नसावा. उकडताना पाणी बेताचे घेणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय. लोखंडी कढईत शिजवल्यास आम्लामुळे भाजीत लोह उतरते. उलट पालक, चाकवत यांचे पाणी टाकल्याने कॅल्शियमचे शोषण अडवणारे विद्राव्य ऑक्सलेट कमी होते. ते पाणी नेहमीच टाकावे का, याबाबत मतभेद आहेत.

घोळाणा : कोवळी मेथी, हरभऱ्याचा पाला किंवा कांद्याची पात बारीक चिरून दाण्याचे कूट, तिखट, मीठ व कच्चे तेल घालून कालवतात. विस्तवाचा संबंध नसल्याने क जीवनसत्त्व सर्वाधिक टिकते. मेथीत ते १०० ग्रॅमला साधारण ५० ते ६० मिलिग्रॅम असते, पालकात ३० च्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास रोज ८०, स्त्रीस ६५ मिलिग्रॅम लागते. पोषणदृष्ट्या या पदार्थाकडे पाकपुस्तकांचे दुर्लक्ष झाले आहे.

वाळवण : हरभऱ्याचा पाला उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवतात. सावलीत वाळवल्यास कॅरोटीन अधिक राहते.

अभ्यास : भारतीय खाद्यघटकांचे तक्ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नव्याने प्रसिद्ध केले. विभागात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) गृहविज्ञानाचे (आता सामुदायिक विज्ञान) शिक्षण दिले जाते.