शब्दवेध : खरूज

‘खरूज’ हा शब्द संस्कृत ‘खर्जू’वरून आला. खर्जू म्हणजे खाज. लॅटिन ‘स्केबीज’ही ‘स्काबेरे’, म्हणजे खाजवणे, या क्रियापदापासून घडला. दोन्हीकडे रोगाला नाव मिळाले ते लक्षणावरून. १६८७ मध्ये इटलीतील वैद्य बोनोमो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या खरुजेच्या किड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा आठ पायांचा जीव अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ येते, रात्री खाज वाढते. खरूज ही अस्वच्छतेची शिक्षा नव्हे. ती जवळच्या स्पर्शातून पसरते. म्हणून लपवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या.