डीएसएलआर कॅमेरा : बेताच्या खर्चातील पहिली निवड

ज्या लेन्समधून छायाचित्र टिपले जाते, त्याच लेन्समधून दृश्य डोळ्यालाही दिसते, अशी रचना असलेला डिजिटल कॅमेरा. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर वळतो, पंचकोनी लोलकातून सुलट होतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे दृश्य पडद्यावर उमटवलेले नसून थेट प्रकाशाचे असल्याने बॅटरी फारशी खर्च होत नाही. लेन्स बदलता येते, हे या कॅमेऱ्याचे दुसरे वैशिष्ट्य. कमी पैशांत पहिला कॅमेरा निवडणाऱ्याने सर्वांत जास्त विचार करायचा तो याच दुसऱ्या गोष्टीचा.

या जातीचा पहिला विक्रीयोग्य कॅमेरा कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्या एफ-३ या फिल्म कॅमेऱ्यावर उभारला. त्याचा सेन्सर १.३ मेगापिक्सेलचा होता. निकॉनचा डी-१ (१९९९) वृत्तछायाचित्रकारांच्या हाती गेला, पण त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. हौशी माणसासाठी दार उघडले ते २००३ मध्ये. त्या वर्षी आलेला कॅननचा ६.३ मेगापिक्सेलचा ३००डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळू लागला. पाठोपाठ निकॉनचे डी-७० (२००४) आणि डी-४० (२००६) आले. २००८ पासून आरशाविना चालणारे, म्हणजे मिररलेस कॅमेरे बाजारात आले. कॅनन व निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये आपापल्या नव्या मिररलेस मालिका काढल्या आणि २०२० पासून मिररलेसची जागतिक विक्री डीएसएलआरच्या पुढे गेली. लग्नसमारंभ टिपणारे व्यावसायिक नव्या यंत्रणेकडे वळल्याने त्यांच्या जुन्या, चांगल्या प्रतीच्या बॉडी आणि लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात उतरल्या. ज्याच्याकडे पैसा बेताचा आणि शिकण्याची ओढ मोठी आहे, त्याच्यासाठी इतकी अनुकूल वेळ पूर्वी क्वचितच होती.

खरेदीत नेहमी होणारी गफलत म्हणजे सगळा पैसा बॉडीवर घालणे. बॉडी काही वर्षांत जुनी होते. लेन्स नीट सांभाळली तर दोन-तीन बॉडींना पुरते. म्हणून हाताशी असलेल्या रकमेपैकी निम्म्याच्या आसपास बॉडीला ठेवावी आणि उरलेली लेन्स, मेमरी कार्ड, जादा बॅटरी व साठवणुकीच्या डब्यासाठी राखावी. दुकानात बॅग, ट्रायपॉड, दोन लेन्स असा कॉम्बो पुढे केला जातो. त्यातला ट्रायपॉड बहुधा हलका असतो आणि वाऱ्यात थरथरतो. तेवढे पैसे वाचवणेच बरे.

बॉडी व लेन्स ज्या कड्याने जोडल्या जातात त्याला माउंट म्हणतात. पहिली बॉडी घेताना माणूस खरे तर माउंट निवडत असतो, कारण पुढच्या सगळ्या लेन्स त्यावर बसायच्या असतात. कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासून चालू आहे. फोकसची मोटर प्रत्येक स्वयंफोकस लेन्समध्येच असल्याने तेव्हाची जुनी लेन्सही आजच्या स्वस्त बॉडीवर आपोआप फोकस करते. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासूनचे असले, तरी त्यात एक मेख आहे. डी-४० पासून डी-३५०० पर्यंतच्या प्राथमिक बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यांवर जुन्या एएफ किंवा एएफ-डी लेन्स बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. स्वयंफोकससाठी एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्यावी लागते. उलट एएफ-पी लेन्स डी-९० आणि डी-३१०० सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करू शकत नाही. पेंटॅक्सचे के माउंट १९७५ पासूनचे. त्यांच्या बहुतेक डिजिटल बॉडींमध्ये सेन्सरच हलवून थरथर आवरण्याची सोय असते, त्यामुळे जुनी लेन्सही स्थिर चित्र देते. यंत्र म्हणून पेंटॅक्स फार चांगला, पण भारतात त्याच्या लेन्स आणि दुरुस्ती सहज मिळत नसल्याने पहिल्या कॅमेऱ्यासाठी कॅनन किंवा निकॉनच सोयीचे. मित्राकडे किंवा घरात आधीच एखादी लेन्स असेल, तर तिचे माउंट पाहून निवड करणे सर्वांत शहाणपणाचे.

बॉडीबरोबर मिळणारी १८–५५ मिमीची किट लेन्स टाकाऊ मानण्याची रीत आहे, ती चुकीची आहे. उजेडात, किल्ल्याच्या तटबंदीवर, कुटुंबाच्या सहलीत ती उत्तम चालते. तिची मर्यादा दिसते ती घरात आणि संध्याकाळी. ५५ मिमीवर तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ/५.६ असते. ५० मिमी एफ/१.८ या साध्या लेन्समधून त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो. किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागतो तेथे या लेन्सला शंभरावा भाग पुरतो, आणि हलणारे मूल पुसट येण्याऐवजी स्पष्ट येते. कॅननची २०१५ ची ५० मिमी एसटीएम लेन्स नवी घेतली तरी दहा हजार रुपयांच्या आसपास मिळत आली आहे. स्वस्त बॉडींचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फिल्मच्या ३६ × २४ मिमी चौकटीपेक्षा लहान असल्याने ५० मिमी लेन्स कॅननवर ८० मिमीसारखी दिसते. चेहऱ्यांसाठी सुरेख, पण लहान खोलीत अडचणीची. निकॉनवाल्यांनी ३५ मिमी एफ/१.८ (२००९) पाहावी. घरातील रोजच्या छायाचित्रांसाठी ती अधिक उपयोगी. भिगवणचे रोहित पक्षी टिपायचे असतील, तर मात्र २५० किंवा ३०० मिमीपर्यंतची झूम लागतेच. अशा वेळी ती आधी घ्यावी आणि बॉडी एक पायरी खालची चालवावी.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नये. सहा मेगापिक्सेलमध्ये आठ बाय बारा इंची छापील प्रत व्यवस्थित निघते. चोवीस मेगापिक्सेल वीस इंच रुंदीपर्यंत तपशील टिकवतात. त्याहून पाहण्यासारखे फरक वेगळे आहेत. स्वस्त बॉडींत काचेच्या लोलकाऐवजी आरशांची जुळणी असते. दृश्य थोडे अंधारे आणि चौकटीच्या ९५ टक्केच दिसते. निकॉनच्या डी-७००० मालिकेत लोलकही आहे आणि फोकसची मोटरही, म्हणून वापरलेली डी-७१०० किंवा डी-७२०० ही नव्या प्राथमिक बॉडीपेक्षा सरस निवड ठरते. कॅननच्या ३०००डी मध्ये माउंट प्लॅस्टिकचे आहे. वारंवार लेन्स बदलणाऱ्याने ते टाळावे. २००डी मार्क २ (२०१९) हा हलका, चांगला कॅमेरा आहे, परंतु त्याच्या फ्लॅशच्या खोबणीतील मधली पिन काढून टाकलेली असल्याने स्टुडिओतील साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. उत्पादनांची छायाचित्रे काढून उदरनिर्वाह करू पाहणाऱ्याला ही उणीव फार महागात पडू शकते, आणि विक्रेता ती सांगतोच असे नाही. निकॉन डी-३५०० (२०१८) मानक चाचणीत एका चार्जवर १,५५० छायाचित्रे काढतो. दोन-तीन दिवस वीज नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्या ट्रेकरला याहून मोठा गुण नाही. त्यात बाहेरचा मायक्रोफोन मात्र जोडता येत नाही. मुख्य काम चलचित्रणाचे असेल, तर डीएसएलआरचा हट्ट सोडून मिररलेसच घ्यावा.

वापरलेला माल तपासायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. शटर किती वेळा उघडले ते आधी पाहावे. प्राथमिक वर्गातील शटरचे आयुष्य साधारण एक लाख धरतात. निकॉनमध्ये हा आकडा छायाचित्राच्या फाइलमध्येच असतो, कॅननच्या बहुतेक बॉडींत तो सॉफ्टवेअरने काढावा लागतो. मग छिद्र एफ/१६ किंवा त्याहून लहान करून पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे छायाचित्र काढावे. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण ओरखडा जात नाही. लेन्सच्या मागून टॉर्च धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, आणि ती असेल तर किंमत कितीही उतरो, लेन्स घेऊ नये. कार्डाच्या खाचेतील पिना, बॅटरीचा फुगवटा, फ्लॅश आणि प्रत्येक चकती हाताने चालवून पाहावी. शेवटी बॉडीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा.

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार हे कॅमेऱ्यांच्या दुकानांचे जुने ठिकाण. येथे वस्तू हाताळून घेता येते, पण बिलाविना स्वस्त मिळणारा ग्रे मार्केटचा मालही बाजारात असतो. त्यावर भारतातील वॉरंटी मिळत नाही. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे बिल टाळून होणारी बचत तशीही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

कोकण, गोवा आणि मुंबईत कॅमेऱ्याचा खरा शत्रू पावसाळा. चामड्याच्या बंद पिशवीत चार महिने पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी हमखास धरते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरेशी होते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहावी. जेल ओले झाले की वाळवावे किंवा बदलावे. कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून उजेडात वापरावा.

पुढे मिररलेसकडे जायचे झाल्यास जमवलेल्या लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ व ईएफ-एस लेन्स अडॅप्टरने नव्या आरएफ माउंटवर स्वयंफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरने झेड माउंटवर तशाच चालतात. मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सना तेथेही हातानेच फोकस करावा लागतो.