शेवटचा महिना: कळा ओळखायच्या कशा आणि घरातून निघायचं कधी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या घाटाकडच्या तालुक्यांत पावसाळा लागला की एक बातमी ठरलेली असते. गरोदर बाईला झोळीत घालून ओहोळ ओलांडला, चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, कधी ती वाटेतच बाळंत झाली. ही बातमी आम्हीच देतो. रस्ता नाही, पूल नाही हे खरं असतं आणि ते लिहिलंच पाहिजे. पण बातमीच्या मागे गेलं की बऱ्याच वेळा आणखी एक गोष्ट कळते. कळा संध्याकाळी सुरू झाल्या होत्या आणि घरातून निघाले पहाटे. मधली रात्र "बघू अजून थोडं" यात गेली. पूल सरकार बांधील तेव्हा बांधील, ही मधली रात्र घरच्यांच्या हातात आहे. म्हणून खालची माहिती गरोदर बाईइतकीच तिच्या नवऱ्यासाठी, सासूसाठी आणि गावातल्या जीपवाल्यासाठीही आहे.

तुलना बरी दिसत नाही, पण बोलतो. गाय व्यायला आली की आपण गडी माणसं कास बघतो, शेपटीची बाजू बघतो, रात्री दोनदा बॅटरी घेऊन गोठ्यात जातो. घरातल्या बाईची तारीख विचारली तर "असंल पुढच्या महिन्यात" एवढंच उत्तर.

तारीख धरायची कशी

शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवसात ९ महिने आणि ७ दिवस मिळवायचे. पाळी १२ जानेवारीची असेल तर तारीख १९ ऑक्टोबर. पाळी आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीतली तारीख धरावी. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख पुढेमागे दिसते, त्यानं गोंधळून जाऊ नये. नेमक्या त्याच तारखेला होणारी बाळंतपणं थोडीच. ३७ आठवडे भरले, म्हणजे तारखेच्या तीन आठवडे आधीपासून, कधीही कळा येऊ शकतात. त्यामुळे सगळी तयारी ३६ व्या आठवड्यापर्यंत झालेली असावी. त्याआधीच कळा आल्या, तर बाळ कच्चं असतं. तेव्हा जवळच्या दवाखान्यात न थांबता मोठ्या रुग्णालयाचीच वाट धरावी लागते. तारीख उलटून गेली आणि कळा नाहीत, तरी घरी वाट बघत बसायचं नाही, तपासणीला जायचं.

या दिवसांतला त्रास

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पोट खाली उतरतं. त्यानं श्वास जरा मोकळा होतो, पण लघवीला सारखं जावं लागतं, कंबर धरते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. झोप तुटक होते. हे सगळं चालायचंच. डाव्या कुशीवर झोपावं, दोन गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची घडी ठेवावी. पाठीवर उताणं झोपू नये, कारण पोटाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. छातीत जळजळ होत असेल तर एकदम पोटभर न जेवता चार-पाच वेळा थोडं थोडं खावं. घरातली कामं, सकाळ-संध्याकाळचं चालणं चांगलंच. डोक्यावर हंडा, मोळी, खताची गोणी नको. औषध फवारणीच्या शेतात तर पाऊलही नको.

"जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि अडतं" म्हणून शेवटच्या महिन्यात बाईचं ताट हलकं करायची चाल काही घरांत अजून आहे. ती चुकीची आहे. उपाशी बाईला कळा सोसायची ताकद राहत नाही. नागलीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, गूळ-शेंगदाणे, जे घरात असेल ते तिला आधी मिळावं. आदिवासी भागात गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अंगणवाडीतून एक वेळचं पूर्ण जेवण अमृत आहार योजनेतून मिळतं, ते सोडू नये.

रक्ताचा आकडा प्रत्येकीला पाठ असावा. हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. ७ च्या खाली गेलं तर बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं तरी जिवावर बेतू शकतं, आणि अशा बाईचं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात करायचं नसतं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतल्या तर लागत नाहीत; जेवणानंतर थोड्या वेळानं लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गोळीनं संडास काळी होते, घाबरू नये. शेवटच्या महिन्यात आकडा फार कमी निघाला तर नुसत्या गोळ्यांनी भरून यायला वेळ उरत नाही. मग डॉक्टर सलाईनमधून लोह किंवा रक्त देतात. त्यासाठी दोन-चार फेऱ्या पडतील, पण त्या माराव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं रक्त आणि बीपी दोन्ही बघून घ्यावं.

बाळाची हालचाल रोज बघावी. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. दोन तासांत दहा वेळा तरी बाळ हललेलं कळलं पाहिजे. कमी वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना. "आता जागा कमी झाली म्हणून हलत नाही" असं शेजारीण म्हणेल. जागा कमी झाल्यानं हालचालीची तऱ्हा बदलते, हालचाल कमी होत नाही.

खोट्या कळा, खऱ्या कळा

शेवटच्या दिवसांत पोट अधूनमधून कडक होतं आणि सोडतं. या खोट्या कळा. त्यांना वेळापत्रक नसतं. एक आता आली, दुसरी पाऊण तासानं, तिसरी नाहीच. पाणी पिऊन कुशीवर पडलं किंवा थोडं चाललं की थांबतात. दुखणं बहुतेक पुढेच, ओटीपोटात राहतं.

खरी कळ बहुधा कंबरेतून उठते आणि पुढे येते. पोट दगडासारखं होतं, बाई बोलता बोलता थांबते. मग सोडते. पुन्हा येते, आणि दोन कळांमधलं अंतर कमी कमी होत जातं, जोर वाढत जातो. काही केलं तरी थांबत नाही. त्याआधी किंवा त्याबरोबर चिकट, रक्ताचा लाल धागा असलेला स्राव जातो; गर्भाशयाचं तोंड उघडायला लागल्याची ती खूण. अंतर मोजायला मोबाईलवरचं घड्याळ पुरतं. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतची मिनिटं घरातल्या कुणीतरी कागदावर लिहायची.

शहरात डॉक्टर सांगतात, पहिलटकरीण असेल तर दर पाच मिनिटांनी कळ आणि असं तासभर चाललं की या. दवाखाना दहा मिनिटांवर असेल तर हे ठीक. सावळघाट ओलांडून नाशिकला किंवा सुरगाण्याकडून कळवणला जायचं असेल तर हा हिशेब चालत नाही. आपल्याकडे दहा-दहा मिनिटांनी नेमानं कळा यायला लागल्या की गाडी दारात हवी. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर तेवढंही थांबू नये, कारण पहिल्या वेळी बारा-अठरा तास लागले असले तरी पुढच्या वेळी निम्म्याहून कमी वेळात मोकळी होते. दवाखान्यात जाऊन कळा खोट्या निघाल्या, परत पाठवलं, तरी त्यात लाज कसली. एका फेरीचं डिझेल गेलं, एवढंच.

काही गोष्टी झाल्या तर कळा आहेत का हेही बघायचं नाही, निघायचं. पाणी गेलं, मग ते भसकन जावो की थेंब थेंब गळो. वेळ लक्षात ठेवावी आणि रंग बघावा; हिरवट-काळसर असेल तर बाळानं पोटात शी केली आहे, फोनवरच तसं सांगावं. अंगावरून रक्त गेलं. डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, तोंड आणि हात सुजलेत, बरगडीखाली दुखतंय: हा वाढलेल्या बीपीचा त्रास असतो, १४०/९० च्या वर आकडा म्हणजे धोका. संध्याकाळी पायावर थोडी सूज बऱ्याच जणींना येते, सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असणं वेगळं. ताप, दम लागणं, पोट सतत दुखून न सोडणं हेही तसंच. झटका आला तर बाईला कुशीवर करावं, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नये, १०८ लावावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गावात येऊन "कळा वाढवायचं" इंजेक्शन देणाऱ्याला दारात उभं करू नका. म्हशीला पान्हा सोडायला चोरून मारतात तेच हे औषध. दवाखान्यात ते सलाईनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके बघत देतात. घरी टोचलं तर पिशवी फाटू शकते, बाळ आत गुदमरू शकतं. पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलणं हेही तसंच घातक. गावातल्या सुईणीचा अनुभव मोठा असतो, तिला सोबत दवाखान्यात न्या. धीर द्यायला तिच्यासारखं माणूस नाही.

कुठं जायचं ते आधी ठरवा

साधं बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. पण आधी सिझर झालेलं, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, वार खाली असलेली, बीपी वाढलेली, रक्त ७ च्या खाली, आधीच्या वेळी खूप रक्त गेलेली किंवा बाळ दगावलेली बाई, यांनी सिझर आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालयच गाठायचं. भूलतज्ज्ञ प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रोज रात्री असतोच असं नाही. म्हणून ३६ व्या आठवड्यात नर्सताईंना सरळ विचारा: "हिला कुठं न्यायचं? रात्री दोन वाजता कुठं न्यायचं?" उत्तर कार्डवर लिहून घ्या. आधी सिझर असेल तर घरी कळांची वाट बघायचीच नाही, डॉक्टर सांगतील त्या दिवशी दाखल व्हायचं.

गरोदर बाईला न्यायला-आणायला १०२ ची गाडी मोफत आहे, तातडीला १०८. दोन्ही नंबर घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत हवेत. पत्ता सांगताना पाड्याचं नाव, ग्रामपंचायत आणि गाडी जिथपर्यंत येते ती खूण सांगावी. रेंज फक्त टेकाडावर येत असेल तर रात्री टेकाडावर कोण जाणार हे आधी ठरलेलं असावं. शिवाय गावातल्या दोन खासगी गाड्यांचे नंबर ठेवा. एक नको, दोन. एक नेहमी लग्नाला गेलेली असते.

ओहोळापलीकडचे पाडे, पाऊस लागला की तुटणाऱ्या वाड्या यांनी कळांची वाट बघूच नये. तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधी दवाखान्याजवळच्या नातेवाईकाकडे राहायला जावं. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघर आहे, तिथं गरोदर बाईला सोबतच्या माणसासह आधीपासून राहता येतं. आपल्या केंद्रात ते चालू आहे का, आशाताईंना विचारा. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या जोडप्यांनी कार्ड जवळच ठेवावं आणि तिथल्या अंगणवाडीत नाव सांगावं. कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं.

पिशवीत फार काही लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, पासबुकाची झेरॉक्स. पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, उन्हात वाळवलेली जुनी मऊ सुती कापडं, बाळाला टोपडं. बॅटरी, चार्जर, पाण्याची बाटली, थोडे रोख पैसे. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे, त्यामुळे पैशासाठी अडून निघायला उशीर करू नये. रक्त द्यायला तयार असलेली दोन धट्टीकट्टी माणसं मात्र सोबत ठेवावीत. आणि धीराची एक बाई. कळांच्या वेळी ओळखीची बाई जवळ असली की सोसणं सोपं जातं.

कळा सुरू असताना बाईला झोपवून ठेवायची गरज नसते. चालावं, ओणवं उभं राहावं, कंबर चोळून घ्यावी. घोट घोट पाणी, पातळ पेज चालते, डॉक्टरांनी मनाई केली असेल तर नाही. दोन तासांनी लघवी करावी, भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. नर्स सांगेपर्यंत जोर करू नये, नुसता दम संपतो. गाडीत डाव्या कुशीवर झोपवून न्यावं.

वाटेतच बाळ आलं तर गाडी थांबवा. बाळ ओढू नका, हातांनी झेला, स्वच्छ कापडानं कोरडं करा आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना मिळून पांघरूण घाला. नाळ ब्लेडनं कापू नका, वार ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या. बाळाला तासाभरात अंगावर घ्यायला लावा. पहिला चीक पिवळा असतो, तो काढून टाकायचा नसतो. मध, गुटी, साखरपाणी काही नको.

बाळंतपणानंतर किमान ४८ तास दवाखान्यात राहावं. रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि घाई करून घरी नेलेल्या बायाच त्यात सापडतात. घरी सोडायलाही गाडी मोफत आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशीच नर्सताईंना सांगून ठेवलं की सकाळी वेळेवर मिळते.